काकूच्या भिंतीवरची वाकळ

वाकळ भिंतीवर टांगायची असेल तर खिळे ठोकू नयेत. हे मी आता शांतपणे लिहिते आहे, पण काकूने पहिला खिळा ठोकला तेव्हा हातोडी माझ्या हातात असती, तर काय झालं असतं कुणास ठाऊक.

कारण ती वाकळ माझी होती. मोठा दुष्काळ सरल्यावर मी वैरागहून सोलापूरला चुलत्यांकडे कॉलेजसाठी राहायला आले. मला पांघरायला म्हणून आईने ती उन्हाळाभर बसून शिवली. पोटात तिची जुनी लुगडी, वर घरातल्या सगळ्यांच्या कपड्यांचे तुकडे. आमच्याकडे वाकळेला उसं आणि पायथा असतो. ओटीत आलेला खण उशाकडे लावायचा, त्याला पाय लागू द्यायचा नाही. पायथ्याला बाप्यांचं जुनंपानं. आईने उशाच्या दोन्ही कोपऱ्यांत लाल खण लावला होता आणि पायथ्याला दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पट्ट्यापट्ट्यांच्या चड्ड्या.

काकू म्हणजे आईची धाकटी जाऊ, जन्माची शहरातली. तोंडावर मी तिला अहोजाहो करायची. इथे करणार नाही.

"चादरींच्या गावात हे बोचकं कशाला आणलंस?" वाकळ बघून ती म्हणाली होती. मग एक दिवस काकांच्या साहेबांची बायको घरी आली. अंगणात वाळत घातलेली वाकळ पाहून ती थांबलीच. "किती सुंदर! ही तर भिंतीवर लावायची वस्तू. कुणी शिवली?"

"मीच की," काकू म्हणाली. माझ्यादेखत म्हणाली. माझ्या हातात चहाचा ट्रे होता म्हणून, नाहीतर मी तिथेच तोंड उघडलं असतं.

त्या दिवसापासून माझ्या अंगावर चादर आली आणि वाकळ बैठकीच्या भिंतीवर गेली. दिवाळीला घरी गेल्यावर मी आईला सगळं सांगितलं. "जाऊ दे गं," आई म्हणाली. "भितीवर हाय न्हवं? कुणाच्या पायात तर न्हाय." तिने जाऊ दिलं. मी नाही.

वाकळ जड असते. खिळ्यांवर ती मधे लोंबली आणि कोपऱ्यांना भोकं पडली. प्रत्येक भोक मला बोचत होतं. मग काकूने दोरी बांधून कपड्यांचे चिमटे लावले, तर चिमटे सुटून ती काकांच्या चहात पडली. इकडे संक्रांत जवळ आली. हळदीकुंकवाला साहेबीण येणार, गल्लीतल्या सगळ्या बायका येणार. तेव्हा मी जिभेवर साखर ठेवून म्हणाले, "काकू, मागून नेफा शिवून देऊ? परकराला असतो तसा. त्यात काठी घालायची आणि काठीला दोरी. वजन सारखं पडतं, वाकळ फाटत नाही."

तिला ते पटलं. पटण्यासारखंच होतं, वाकळ टांगायची हीच खरी रीत.

"कुठली बाजू वर घेऊ?" मी विचारलं.

जिने वाकळ शिवली तिने हे झोपेतही सांगितलं असतं. काकूने मान तिरकी करून वाकळ न्याहाळली. "ही पट्ट्यांची घे. उठून दिसते."

"बरं," मी म्हणाले, आणि पायथ्याला नेफा शिवला. इतकं सुबक शिवण मी आयुष्यात पुन्हा घातलं नाही.

हळदीकुंकवाला बैठक भरली. शेजारणीची सासू करकंबहून आली होती. ती म्हातारी वाकळेपुढे उभी राहिली आणि तिने टाक्यांवरून बोट फिरवलं.

"टाका लई बारीक हाय. पर उलटी का टांगली गं? खण खाली गेला की." मग तिची नजर वर गेली. "आन् ही तर चड्डी हाय!"

कुणीतरी फिसकन हसलं. साहेबिणीने तोंडाला पदर लावला.

"कुणाची गं?" म्हातारीने काकूला विचारलं. काकूने माझ्याकडे पाहिलं. दिवाळीपासून मी याच घटकेची वाट बघत होते.

"आमच्या दादांची," मी गोड आवाजात म्हणाले. "काकूंचे थोरले दीर."

आता कुणालाच हसू आवरेना. म्हातारी मात्र हसली नाही. "शिवणारीला उसं ठावं न्हाय व्हय?" तिने सरळ विचारलं.

काकू लालबुंद झाली. "काढ ती!" ती माझ्यावर ओरडली. "घेऊन जा तुझ्या आईची वाकळ!"

बोलून गेल्यावर तिला कळलं. तोवर सगळ्यांनी ऐकलं होतं. मी वाकळ उतरवली, घडी घातली आणि काकूपुढे तिळगूळ धरला. तिने घेतला नाही.

काकांनी मला वसतिगृहात पोचवलं. जाण्याआधी मी वाकळ घेऊन वैरागला आले आणि आईला घडलेलं सांगितलं. ती खिळ्यांची भोकं शिवायला बसली होती.

"असं करू न्हाय," ती म्हणाली. "जाऊ हाय ती माजी."

मला जराही वाईट वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. आईने एक भोक बुजवलं, दुसरं बुजवलं.

"ती म्हातारी टाक्याला काय म्हणली?"

"लई बारीक हाय म्हणाली."

"समद्यांसमोर?"

"समद्यांसमोर."

आईने दाताने दोरा तोडला आणि सुई बाजूला ठेवली.

"पुन्यांदा सांग की," ती म्हणाली. "पयल्यापास्नं."