आशीर्वादानंतरची सूचना

फादरांचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका जुन्या मोटारसायकलचा सौदा करत होतो. गिऱ्हाईक देऊळघाटचं, चिवट. याकोब मास्तर गेले, असं फादर म्हणाले. मी 'बरं, येतो' म्हणून फोन ठेवला आणि आधी सौदा पुरा केला. घाई दाखवली असती तर त्याने भाव पाडला असता. माझ्या जागी मास्तरांनीही हेच केलं असतं, आणि वर सगळ्यांना ऐकवलंही असतं.

अंत्यविधीत सगळे गोड बोलले. मास्तर उभा जन्म आमच्या बुलढाण्याच्या चर्चचे प्रचारक. त्यांनी लेकरांना प्रार्थना शिकवल्या, तरुणांना चर्चमध्ये आणलं... हे शेवटचं वाक्य ऐकून मी मान वर केली. ते खोटं आहे. तरुणांना मी आणलं. महिना होऊन गेला, आता लिहायला हरकत नाही.

नव्या फादरांनी मास्तरांच्या जागी मला युवकांचा प्रमुख केलं तेव्हा मास्तर फक्त हसले. आमची कुटुंबं विखुरलेली, कोणी शहरात, कोणी पार सुलतानपूरकडे. पोरं भेटणार ती रविवारच्या मिस्सेला, म्हणजे उपासनेला, आणि त्यांना निरोप मिळणार तो मास्तरांच्या तोंडून, कारण माईक त्यांच्याकडे. फादरांच्या शेवटच्या आशीर्वादाआधी ते सूचना सांगत. आशीर्वाद झाला की गीत सुरू होतं, बाकं सरकतात, मग कोणी कोणाचं ऐकत नाही. मी त्यांना युवकांच्या पहिल्या सभेची सूचना द्यायला सांगितली. "सांगतो ना बे," ते म्हणाले. फुलं कोणी आणायची, झाडलोट कोणाकडे, सगळं सांगून झालं. आशीर्वाद झाला. लोक उठले. तेव्हा त्यांनी नखाने माईकवर टकटक केलं आणि म्हणाले, "आन् हो, युवकांची काहीतरी सभा हाय म्हनते..."

सभेला कोणी आलं नाही. मी मांडलेल्या खुर्च्यांपैकी पहिल्या खुर्चीवर मास्तर येऊन बसले, चहा प्याले आणि म्हणाले, "पोट्टे नाही आले काय? चाय मात्र झ्याक झाली."

फादरांनी मला ईस्टरपर्यंतची मुदत दिली. तोवर पोरं जमली नाहीत तर हे काम पुन्हा मास्तरांकडे. मी जुनं लोखंड विकून वर आलेला माणूस, हातातलं काम असं सोडत नाही. मास्तरांच्या अंगणात त्यांची स्कूटर बंद पडून गंजत होती. मी बोली केली. स्कूटर मी चालू करून देतो, सूचना आशीर्वादाआधी झाली पाहिजे. त्यांनी हातावर हात मारला. मी इंजिन खोललं, सीट बदलली, ब्रेक नवे घातले.

झावळ्यांच्या रविवारी, ईस्टरच्या बरोबर आठवडाभर आधी, चर्च भरलं होतं. मास्तरांनी शब्द पाळला. आशीर्वादाआधी, स्वच्छ आवाजात त्यांनी सांगितलं, "येत्या रविवारी मिस्सेनंतर युवकांची सभा हाय. आपले जुन्या गाड्यावाले भाऊ घेऊन राह्यले. पोट्टेहो, आपापली चाबी खिशात ठेवजा, नाही त सभा सरेपर्यंत गाडी इकलेली राहीन."

अख्खं चर्च हसलं. माझी बायको खाली मान घालून बसली. बाहेर मी मास्तरांना गाठलं, हात उठायचाच बाकी होता. आपलं काय ठरलं होतं, म्हणून विचारलं.

"आशीर्वादाआधी सांगायचं ठरलं होतं, सांगतलं. काय सांगायचं थे तू ठरवलंच नाही," ते म्हणाले. "येवढा व्यापारी, अन् माल तपासून नाही घेत काय बे?" मी दुरुस्त केलेल्या स्कूटरला त्यांनी किक मारली. ती पहिल्याच किकला चालू झाली.

सभेला पोरं आली, ती माझी मजा पाहायला. सुलतानपूरच्या एकाने माझ्यासमोर चावी टाकली. "घ्या काका, काय देता?" मी बाहेर जाऊन त्याची गाडी पाहिली आणि सगळ्यांसमोर सांगितलं की ब्रेक गेलेत, चेन लोंबते, ही फुकटही नको, अशीच हाणत राह्यलास त पुढची सभा तुझ्या शोकाची घेऊ. आता हसू त्याच्यावर होतं. तो पुढच्या रविवारी ब्रेक लावून आला, सोबत दोघांना घेऊन. वर्षभरात खुर्च्या पुरेनात. एकेकाला मी घरून उचलून आणलं, भांडलो, शिव्या दिल्या, ऐकल्या. आणि मास्तर गावभर सांगत राहिले, "म्या चाबीची गंमत केली म्हणून आले पोट्टे." लोकांनीही तेच धरलं.

ते आजारी पडल्यावर मी भेटायला गेलो. संत्री नेली नाहीत. म्हटलं, मास्तर, एकदा माईकवरून सांगा, पोरं मी जमवली. एवढंच. ते म्हणाले, "सांगीन ना. आशीर्वादानंतर."

ते पुन्हा चर्चमध्ये आले ते पेटीतूनच.

आता माईक माझ्याकडे आहे. गेल्या रविवारी त्यांच्या सुनेने विनवून सांगितलं की महिन्याची प्रार्थना घरी आहे, सगळ्यांना कळवा, जेवूनच जा म्हणावं. मी हो म्हणालो. फुलांचं सांगितलं, झाडलोटीचं सांगितलं आणि गप्प बसलो. आशीर्वाद झाला. गीत सुरू झालं, बाकं सरकली, लोक दाराकडे चपला शोधू लागले. तेव्हा मी माईकवर नखाने टकटक केलं.

"आन् हो," मी म्हणालो, "याकोब मास्तरच्या घरी काहीतरी प्रार्थना हाय म्हनते..."

कोणी वळून पाहिलं नाही. त्यांची सून तेवढी पहिल्या बाकाशी उभी होती, माझ्या बोटाकडे पाहत.