धास्तीसर आणि जिन्यातली डबी

धास्तीसर पालीला घाबरत, लिफ्टला घाबरत, गंगा जरा चढली की जेवण सोडत. पण त्यांची खरी धास्ती वेगळीच होती: धोका असूनही गप्प बसणारी घंटा.

बनारसच्या विद्यापीठात ते इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. नव्वदच्या दशकात मी त्यांची संशोधक विद्यार्थिनी होते. गॅसची गळती ओळखणाऱ्या यंत्रांचा बिनतारी संदेश वरच्या घंटेपर्यंत पोचवायला मधल्या डब्या, म्हणजे रिपीटर, नेमक्या कुठे ठेवायच्या, हा आमचा विषय. डब्या मोजक्या, दगडी भिंती जाड. मी नकाशावर जागा काढली की सर म्हणायचे, "रिकाम्या घरात सगळंच पोचतं ग. माणसं येऊ दे, भांडी येऊ दे, मग बोल." मग मला पाण्याच्या पिंपाआड उभं करून पुन्हा तपासायचे. मला अगदी वैताग यायचा.

मुन्शी घाटाजवळ आमच्या मराठी मंडळींचा गणेशोत्सव व्हायचा. स्वयंपाक तळघरात, आरती वर. तिथे सरांनी आमची यंत्रं बसवली, एक डबी जिन्यातल्या कोनाड्यात. तिचा संदेश येतोय तोवर वरचा हिरवा दिवा लुकलुकायचा. आरतीत सगळे देवाकडे बघत, सर दिव्याकडे. "सर, गणपती इकडे हैं!" पोरं हसायची.

एका वर्षी आरती चालू असतानाच दिवा विझला. सरांचा चेहरा पांढराफटक पडला. "खाली ही आहे," एवढंच म्हणून ते धावले, मागोमाग मी. जिन्यातच गॅसचा वास आला. सिलिंडर नुकताच बदलला होता. काकूंचं, म्हणजे सरांच्या बायकोचं, नाक सर्दीने बंद. बाकीच्या बायका नैवेद्याची ताटं घेऊन वर गेलेल्या. काकूंनी काडी हातात घेतली होती.

"माचिस ठेव! ठेव आधी!" सरांचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. काडी न पेटताच खाली पडली. सर काकूंना जिन्याकडे ओढत होते, सिलिंडर मीच बंद केला.

नंतर उलगडा झाला. ताटांसाठी कोनाडा हवा होता. सोवळ्यातल्या बायका प्लास्टिकला शिवणार कशा? कुणीतरी झाऱ्याने डबी ढकलत पितळी परातींच्या चळतीमागे सारली होती. संदेश तिथेच अडला, म्हणून दिवा विझला आणि घंटाही गप्प राहिली. सर कुणावर रागावले नाहीत. "भांडी हिशेबात धरली होती, सोवळं धरलं नव्हतं," म्हणाले, आणि घाटाच्या पायरीवर काकूंचा हात धरून बसले. पुढच्या वर्षी त्यांनी दोन वेगळ्या वाटांनी डब्या लावल्या, अगदी छताशी. तरी स्वयंपाक उरकेपर्यंत जिन्यातून हलले नाहीत.

सर गेल्यावर मी काकूंना भेटायला गेले. चहासाठी गॅस पेटवताना त्यांनी मागे वळून दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

"भित्रा नवरा म्हणून लोक हसायचे," त्या म्हणाल्या. "आता मी गॅस पेटवते, तर कुणाचा जीव वरखाली होत नाही बघ."