कुंपणावरचा पाना

"माह्या गाडीले हात लावू नोको!"

"मंग तूही माह्या पान्याले हात लावू नोको!"

आलापल्लीच्या बोरिंगवर पाणी भरणाऱ्या बायांनी हे भांडण ऐकलं. पितळी गुंड काठोकाठ भरले तरी एकही बाई हलेना. दुसऱ्याच्या घरचं भांडण अर्ध्यावर सोडून कोण जातं?

भांडत होते दोघे सख्खे भाऊ. थोरला मुखरू, धाकटा डोमा. दोघांमध्ये एक जुनी जीप होती. मुखरू ती चालवायचा, डोमा दुरुस्त करायचा. भांडणाचं कारण ऐकाल तर हसाल. इंजिनाच्या डोक्यावर पत्र्याचं एक लांबट झाकण असतं, त्याला टॅपेट कव्हर म्हणतात. डब्याच्या झाकणाखाली रबर असतं तसं त्याच्याखाली कार्कचं पॅकिंग बसवतात. तिथून जरासं तेल पाझरत होतं. मुखरूने पाना घेतला आणि अंगातलं सगळं बळ लावून नट आवळला. डोमा ओरडला, "भाऊ, जोर नोको लावू, कार्क आहे तो, लोखंड नाई!" पण थोरला भाऊ धाकट्याचं कधी ऐकतो का? कार्क चेपून फाटला, आणि भर जंगलात जीप थांबली ती नेमकी नवरदेवाला घेऊन. नवरदेव बाशिंग हातात धरून पायी मांडवात गेला. डोमा चारचौघांत बोलून गेला, "तुले गाडी चालवता येते, समजत नाई."

तेवढं एक वाक्य. त्यापायी घराचे दोन भाग झाले, मधे बांबूचं कुंपण आलं. थोरल्याच्या वाट्याला जीप आली, धाकट्याच्या वाट्याला पान्यांची पेटी. एकाला बैल, एकाला जू. लोक हसले, पण तोंडावर कोणी हसलं नाही. जीप सगळ्यांनाच लागायची.

मुखरूची बायको बायनाबाई आधीच वारली होती. लेक सिरोंच्याकडे दिलेली. आता भाऊही बोलेना. राहिली डोमाची बायको सत्यशीला, तर मुखरू पडला तिचा भासरा. भासऱ्यासमोर पदर ओढायचा, त्याच्याशी तोंड उघडून बोलायचं नाही, ही रीत. म्हणजे कुंपणापलीकडच्या घरात मुखरूशी बोलेल असं माणूसच उरलं नाही.

पण सत्यशीला हुशार होती. तिच्या दारात चांदी नावाची बकरी बांधलेली असायची. सत्यशीला कुंपणापाशी येऊन मोठ्यानं बोलायची ते चांदीशी.

"चांदे वं, लाखोरीची भाजी केली आज. वाटी कुपावर ठेवून राह्यली. थंडी झाली तं मजा नाई तिची."

चांदी कान हलवायची. मुखरू जरा वेळानं उठून वाटी घ्यायचा, धुऊन परत ठेवायचा. कधी हळूच म्हणायचा, "चांदे, तिखट बरं होतं." त्या घराशी त्याचं बोलणं एवढंच.

बाकी सारं बोलणं जीपमध्ये व्हायचं. तो आलापल्लीहून हेमलकशाकडे माणसं न्यायचा. दवाखान्यात जाणारे आजारी, शाळेतल्या पोरांना भेटायला निघालेले आईबाप. वाटेत लग्नं जुळायची, धानाचे भाव व्हायचे, कोणाच्या सुनेचं गाऱ्हाणं निघायचं. मुखरू स्टेअरिंग धरून ऐकायचा, मधेच एखादा शब्द टाकायचा. जीप बंद राहिली की त्या दिवशी त्याचा आवाज त्यालासुद्धा ऐकू यायचा नाही.

आणि एका हिवाळ्यात, डोमानं वाटणीआधी बसवलेला कार्क जुना होऊन, झाकण पुन्हा गळू लागलं. तेल गरम नळीवर टपटप पडायचं, धूर निघायचा, जळका वास यायचा. म्हातारी गिरजाबाई पदर नाकाला लावून म्हणाली, "काऊन रे मुखरू, गाडी चालवून राह्यला का भजे तळून राह्यला?"

सगळे हसले, मुखरूही हसला. पण पुढच्या खेपेला गिरजाबाई यष्टीची वाट पाहत नाक्यावर उभी दिसली. तिच्यामागे आणखी दोघं. मुखरू रिकामी जीप घेऊन परत आला. मागच्या बाकड्यावर नुसती धूळ नाचत होती.

तो चांदा शहरात जाऊन नवं कार्कचं पॅकिंग घेऊन आला. बसवणार कशानं? नाक्यावरच्या मिस्त्रीनं पाना दिला असता, पण तो विचारणार, घरचा पाना काऊन नाई? आणि हे झाकण दुसऱ्या कोणाच्या हातून बसवायचंच नव्हतं त्याला. का, ते त्यानं कोणाला सांगितलं नाही. सांगायला होतं कोण?

मग त्यानं पकड घेतली. नटाला धरून पिळू लागला. पकड सटकायची, नटाचे कोपरे झिजायचे. कर्र. पुन्हा कर्र. कुंपणापलीकडे डोमा बिडी ओढत बसला होता. चांगल्या मिस्त्रीला दुसऱ्याच्या दाताचं दुखणं सोसवतं, पण झिजणारा नट सोसवत नाही. डोमा उठला, आत गेला, पेटीचा खडखडाट झाला.

थोड्या वेळानं सत्यशीला आली. वाटी ठेवायच्या जागी तिनं पाना ठेवला.

"चांदे वं, घरधनी म्हणते, पाना दोन बोटानं धराव. मुठीनं नाई. पॅकिंग कव्हरच्याच अंगाले चिकटव म्हणते, खाली कोरडं ठेव. अन् इंजिन तापून थंडं झालं का अजून उलसाक आवळ म्हणते."

चांदी शांतपणे रवंथ करत होती. एवढी समजदार बकरी साऱ्या तालुक्यात नसेल.

मुखरूने झाकण उतरवलं. जुना कार्क पापडासारखा कडक झाला होता, तो पात्यानं खरवडून काढला. पेट्रोलच्या फडक्यानं कड पुसली. नवं पॅकिंग चिकटवलं, झाकण ठेवलं, वॉशर घातले आणि पाना दोन बोटांत धरला. हात सारखा मुठीकडे वळत होता. आयुष्यभराची सवय. त्यानं मूठ उघडली, पुन्हा दोन बोटं.

जीप सुरू केली, तापू दिली, थंड होऊ दिली, पुन्हा उलसं आवळलं. झाकणाखाली बोट फिरवलं. कोरडं.

तो कुंपणापाशी आला. पलीकडे बिडीचा धूर वर चढत होता. "चांदे," तो म्हणाला, "गळत नाई आता." धूर तिथंच राहिला. कोणी खाकरलं. मुखरू जरा उभा राहिला, मग पाना पुसून बांबूवर ठेवला.

गिरजाबाई परत जीपमध्ये बसू लागली. झाकण काही गळलं नाही, पण दर बाजाराच्या दिवशी सकाळी मुखरू कुंपणाशी जाऊन म्हणायचा, "चांदे, नट पाहाचे होते." पाना बांबूवर यायचा. न गळणाऱ्या झाकणाचे नट तो दोन बोटांनी चाचपायचा आणि पाना परत ठेवायचा. पुढे चांदी म्हातारी होऊन मेली. तिचा खुंटा तसाच होता, मग मुखरू आणि सत्यशीला खुंट्याशी बोलू लागले. डोमाला रोज वाटायचं, आज आपण बोलावं. थोरल्यालाही तेच वाटायचं. रक्त एकच ना.

मुखरू गेला तो असाच एका बाजाराच्या दिवशी. हेमलकशाहून परत आला, बाजेवर आडवा झाला, दुपार टळली तरी उठला नाही. त्या सकाळी वेगळं काही झालं नव्हतं. त्यानं खुंट्याला हाक मारली, पाना आला. बॉनेट उघडून त्यानं दोन्ही नट चाचपले, कडेवरून बोट फिरवून पाहिलं. पलीकडे बिडी पेटली. "सुकं आहे सारं," मुखरू म्हणाला आणि नेहमीसारखा जरा थांबला. जीपमधून गिरजाबाई ओरडली, "चाल ना रे भाऊ, ऊन चढून राह्यलं!" त्यानं पाना धोतराच्या सोग्याला पुसला, बांबूवर आडवा ठेवला, आणि जीप सुरू केली.