रेनडिअरवर घातलेला आळ

माझ्या बायकोच्या मावशीइतका धीर हिमालयालाही नसेल. लीड्सच्या हॉस्पिटलातल्या लॅबमधून रिटायर झाल्यावर मैत्रिणी क्रूझवर गेल्या. मावशींनी स्कॉटलंडमधल्या केर्नगॉर्म पठारावर, टुंड्रासारख्या उघड्या माळावर, दगडांच्या आधाराने एक कॅमेरा रोवला. तो रोज दुपारी बाराला त्याच चटईएवढ्या जमिनीचा एक फोटो काढतो. वर्षाचे फोटो जोडले की सहा सेकंदांची फिल्म होते : बर्फ येतो, जातो, बोटभर उंचीचं विलोचं झुडूप हिरवं होतं. बर्फ दर वर्षी किती लवकर वितळतो, हे अभ्यासक त्यावरून मोजतात. अशी नऊ वर्षं जमली होती. जेवायला बोलावलेल्या प्रत्येकाला ती चौपन्न सेकंदांची फिल्म श्रीखंडाआधी बघावीच लागे. "बघितलंत? या वर्षी बर्फ किती लवकर गेला!" पाहुणे गंभीरपणे मान हलवत, लक्ष श्रीखंडाकडे. विरजणाचं, मनीप्लांटचं, एकदा तर सोफ्यावर झोपलेल्या माझंही त्यांनी असंच चित्रण केलं. "जावईबापू, चार तासांत एकदाच कूस बदललीत. तुमच्यापेक्षा शेवाळ चपळ."

गेल्या वर्षी सप्टेंबरात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून बॅटरी बदलायला मला पाठवलं. "स्टँडला हात लावायचा नाही. एक वेळ तुम्ही पडा." वर भयंकर वारा होता. मी घसरलो आणि नेमका स्टँडच धरला. तो वीतभर सरकला. मी अंदाजाने मागे ढकलला, खाली आलो आणि फोनवर म्हणालो, "सगळं व्यवस्थित, मावशी." पन्नाशीतला माणूस मी, हे लिहिताना अजून कान तापतात.

मे महिन्यात हिवाळ्याचे फोटो हाती आले, तेव्हा मावशींनी चष्मा पुसून ते पुन्हा पाहिले. चौकटीतून विलो नाहीसा झाला होता; जमीनच वेगळी, म्हणजे आधीच्या नऊ वर्षांशी आता तुलनाच होणार नव्हती. त्या पठारावर रेनडिअर मोकळे हिंडतात. "एखाद्याने स्टँडला अंग घासलं असेल. मुका जीव, त्याला काय बोलणार?" मी म्हणालो, "हो ना." पुढे प्रत्येक जेवणात त्या रेनडिअरची गोष्ट रंगू लागली. सगळे हसत, सर्वांत मोठ्याने मी.

शेवटी ऑगस्टमधल्या एका रविवारी त्यांच्याकडे भांडी विसळताना माझ्या तोंडून निघालं, "मावशी, रेनडिअर नव्हता. मी होतो."

त्यांनी नळ बंद केला. "सरकला ते सोडा हो. तेव्हाच सांगितलं असतंत, तर जुना फोटो समोर धरून, दगडाला दगड जुळवून मी तो जागेवर आणला असता. काठी टेकत गेले असते. आता हिवाळ्यात जमीन गोठून-वितळून दगडच हललेत सगळे."

मग नोंदवही काढून 'कारण : रेनडिअर' खोडलं आणि लिहिलं, 'वारा'.

"माझं नाव लिहा," मी म्हणालो.

"नको. ही वही बाहेरचे वाचतात. घरच्या माणसाला कशाला उघडं पाडू?"

मग शहात्तर वर्षांच्या त्या बाईंनी पान उलटलं, पट्टीने समास आखला आणि सावकाश लिहिलं : वर्ष पहिलं.