वाळूवरची मांदेली

त्या हिवाळ्यात पूर्णगडहून रत्नागिरीला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत माझ्या शेजारची जागा बहुतेक रिकामीच राहायची. माझ्या पिशवीत काचेच्या बरण्या असायच्या आणि बरण्यांत सुकी मांदेली. झाकणं घट्ट लावून वरून फडकं बांधलेलं असायचं, तरी वास जायचा तिथे जायचाच. पावसला चढणारे लोक एकदा माझ्याकडे बघायचे, एकदा पिशवीकडे, आणि पुढे सरकायचे. एकदा कंडक्टरने विचारलं, "मच्छी मार्केटला उतरणार ना?"

"नाही. कॉलेजला."

त्याने तिकीट फाडून हातात दिलं.

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. बाबा बोटीवर जातात. आई मासळी वाळवते आणि विकते. मी प्राणिशास्त्र घेतलं तेव्हा ही माशांचंच काहीतरी शिकतेय एवढं घरी समजलं. त्यासाठी रोज एसटीने एवढं लांब कशाला जायचं, हे मात्र आईला बरेच दिवस कळत नव्हतं. "मासे तर हितंच हायत," ती म्हणायची.

दुसऱ्या वर्षाला विद्यापीठाच्या विद्यार्थी संशोधन स्पर्धेसाठी आमच्या आवारातून तिघांची नावं जिल्हा फेरीला गेली. विज्ञानातून मी. कायद्यातून गुहागरचा एक मुलगा. त्याच्या घरी सुपारीची बाग आहे, आणि तो मासळी वाळवायच्या किनाऱ्यावरच्या जागांवर नेमका हक्क कुणाचा, हे शोधत होता. साहित्यातून रत्नागिरी शहरातली एक मुलगी. तिचे आईवडील दोघेही शिक्षक. गावोगावच्या हौशी नाटकांच्या हाताने लिहिलेल्या प्रती ती जमवत होती. तिघांचं एकमेकांशी काही जमेल असं मला वाटलं नव्हतं. ती दोघं बोलायला लागली की मी माझ्या बरण्यांची झाकणं तपासत बसायचे.

माझा प्रयोग साधा होता. एकाच बोटीची मांदेली, तिचे सारखे वाटे. एक वाटा वाळूवर, एक जमिनीवर अंथरलेल्या जुन्या जाळ्यावर, एक बांबूच्या उंच चौकटीवर ताणलेल्या जाळ्यावर. तिन्ही वाटे आमच्याच खळ्यात, म्हणजे घरामागे किनाऱ्याला लागून आम्ही मासळी वाळवतो त्या मोकळ्या जागेत. सकाळी निघण्याआधी आणि संध्याकाळी परत आल्यावर मी वजन करायचे. वाळल्यावर मांदेली बरण्यांत भरून ठेवायची आणि पुढचे काही आठवडे प्रयोगशाळेत नेऊन तिच्यात ओल किती राहिली, बुरशी धरते का, हे बघायचं. चौकटीवरची सगळ्यात कोरडी निघणार, कारण तिला खालूनही वारा मिळतो, असं आम्ही धरून चाललो होतो.

तसं झालं नाही. वाळूवरची मांदेली जवळजवळ चौकटीवरच्या इतकीच कोरडी निघाली. जाळ्यावरची मागे राहिली. आमच्या प्राणिशास्त्राच्या मॅडमनी आकडे पाहिले, नमुने पुन्हा ओव्हनमध्ये सुकवायला लावले, पुन्हा वजन करायला लावलं. आकडे तेच. मग त्या म्हणाल्या, "अगं, हे वेगळंच आहे काहीतरी." मॅडम कधी कशाला वेगळं म्हणत नाहीत. त्या दिवशी मी एसटीत उभी राहून आले, बसायला जागा असूनही.

आमच्या विभागात तिसऱ्या वर्षाला संशोधनाचा प्रकल्प एखाद्यालाच मिळतो. प्रयोगशाळा तेवढीच आहे. मॅडमनी मला सांगितलं होतं, जिल्ह्याला नीट उभी राहिलीस तर पुढच्या वर्षीचा प्रकल्प तुला देईन. हे मी घरी कुणाला सांगितलं नव्हतं. एखादी गोष्ट फार हवी असली की ती बोलायची मला भीती वाटते.

शनिवारी दुपारी आम्ही तिघं प्रयोगशाळेत एकमेकांसमोर सराव करायचो. त्याला मॅडमचा एक नियम होता: प्रश्न विचारणाऱ्याने आपल्या विषयातला प्रश्न विचारायचा, दुसऱ्याच्या विषयातलं कळत असल्याचा आव आणायचा नाही. कायद्याच्या मुलाला हा नियम फार आवडायचा. तो माझ्या प्रयोगाला खटला म्हणायचा आणि नाक दाबून उलटतपासणी घ्यायचा.

फेरीला आठवडा राहिला होता. मी माझ्या प्रयोगाच्या तक्त्यासमोर उभी राहून पाठ केलेलं सगळं बोलून दाखवलं. साहित्याच्या मुलीने हात वर केला.

"दुपारी तिथे कोण असतं?"

"कुठे?"

"मांदेली वाळत असते तिथे. तू तर इकडे असतेस. तुझ्या सगळ्या बोलण्यात माणूसच नाही. नुसते मासे आणि ऊन."

"कोणी नसतं," मी म्हटलं. मग वाटलं, हे खरं नाही. "आई असते."

"ती काय करते?"

"तिचं काम करते."

"म्हणजे काय करते?"

मी तक्त्याकडे बघितलं. कायद्याचा मुलगा खुर्चीत मागे रेलला. "मुख्य साक्षीदार तपासलाच नाही," तो म्हणाला. "मॅडम, तारीख द्या."

सगळे हसले. मीही हसले. पण एसटीत तो प्रश्न माझ्या मनातून जाईना.

घरी आले तेव्हा आई ओट्यावर बसून जाळ्यातला कचरा काढत होती. मी पिशवी खाली ठेवली आणि शक्य तितक्या सहज विचारलं, "आई, माझी मांदेली वाळत होती ना, तेव्हा दुपारी तू काय करायचीस?"

"काय करायचे? परतायचे."

"परतायचीस?"

"मग? एका अंगावर किती वेळ ठेवायची तिला?"

"मी सांगितलं होतं, हात लावायचा नाही म्हणून."

"सांगितलंस गो बाय. पण मासळी उन्हात तशी पडलेली दिसल्यावर हात गप बसतो होय?" ती जाळं झटकत म्हणाली. चेहऱ्यावर अपराधीपणा वगैरे काही नव्हता. माझी मांदेली आपण सांभाळली, असाच भाव होता.

मी हळूच विचारलं, "तिन्हीकडची परतलीस?"

"चौकटीवरच्या मांदेलीला कशाला परतायची? तिला वारा हाय. जाळ्यावरची एखाद वेळा. वाळूवरची मात्र जास्त. दोनदा, तीनदा, जाता-येता. खाली ओल, वर ऊन. गरीब ती."

मी ओट्याच्या पायरीवर बसले. आमच्याकडे हे असंच असतं. घरात कुणी आजारी असलं, कुणी परीक्षेत मागे पडलं, कुणाची बोट रिकामी आली, की त्याच्या पानात आधी वाढलं जातं आणि थोडं जास्त वाढलं जातं. त्याबद्दल कुणी काही बोलत नाही. वाळूवरची मांदेली मागे पडणार हे आईला दिसत होतं. तिने तिच्या पानात जास्त वाढलं होतं. आणि तेच मॅडमना वेगळं वाटलं होतं.

मी आईला समजावून सांगितलं. म्हणजे प्रयत्न केला. तिघींना सारखंच वागवायला हवं होतं, आता कुणामुळे काय झालं ते सांगता येणार नाही, वगैरे. तिने हातातलं काम थांबवलं.

"मग आता? नापास करतील?"

"नापास नाही. पण माझं जे निघालं होतं ते गेलं."

तिने जाळं बाजूला सारलं. मग आवाज उतरवून म्हणाली, "मी कोणाला सांगायची नाय. कोण इचारायला आलं तरी. बाबांना पन नाय."

आज ते आठवलं की मला हसू येतं. त्या संध्याकाळी नाही आलं. मी तिच्याशी जेवेपर्यंत बोलले नाही. जेवताना तिने माझ्या पानात एक तुकडी जास्त वाढली. मी ती खाल्ली.

सोमवारी कॉलेजच्या पायऱ्यांवर मी त्या दोघांना सगळं सांगितलं. साहित्याची मुलगी ओशाळली. "मी विचारायलाच नको होतं."

"विचारलंस ते बरं झालं," कायद्याचा मुलगा म्हणाला. "परीक्षकाने विचारलं असतं म्हणजे?" मग त्याने माझ्या तक्त्याची प्रत मागितली आणि निष्कर्षावर बोट ठेवलं. "हा तुझा दावा. फार मोठा आहे. पुरावा आहे तेवढाच दावा करायचा, बाकी सोडून द्यायचा. दावा लहान केला म्हणून खटला मागे घेत नाहीत."

"लहान म्हणजे किती?"

"जेवढ्याला तू शपथ घेशील तेवढा."

साहित्याच्या मुलीने तिच्याकडच्या एका नाटकाचं सांगितलं. त्यातल्या सासूचं एक भाषण कुणीतरी वेगळ्या शाईने खोडून नवं लिहिलं होतं. ते कुणी, कधी, का बदललं, हे तिला गावात कुणीच सांगू शकलं नाही. "मी निबंधात तसंच लिहिलंय. इथे कुणाचा तरी हात आहे, कुणाचा ते मला माहीत नाही. तुला तर माहीत आहे. तू माझ्यापेक्षा बऱ्या जागी आहेस."

मला तसं वाटत नव्हतं. पण मी मॅडमकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझी वजनांची वही मिटून बाजूला ठेवली. मला वाटलं, आता प्रकल्प गेला.

"नाव मागे घ्यायचं असेल तर आजच सांग," त्या म्हणाल्या. "जायचं असेल तर हे तक्त्यावर दिसलं पाहिजे. कोपऱ्यात, बारीक अक्षरांत नाही."

जाते, असं मी कसं म्हटलं ते मला नक्की आठवत नाही. म्हटलं एवढं खरं.

तक्ता आधीच छापून झाला होता. निष्कर्षाच्या जागेवर आम्ही पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली. कागद कायद्याच्या मुलाने कापला, त्यामुळे तो तिरका होता. त्यावरचा मजकूर साहित्याच्या मुलीने माझ्याकडून पुन्हा पुन्हा लिहून घेतला, शेवटी मी घरी बोलते तसा तो झाला: दुपारच्या वेळी माझ्या आईने मासळी परतली. वाळूवरची जास्त वेळा परतली. किती वेळा, याची नोंद नाही. त्यामुळे वाळू, जाळं आणि चौकट यांची तुलना या प्रयोगातून करता येत नाही.

जिल्ह्याच्या फेरीत दोन परीक्षक आले, एक सर आणि एक बाई. सरांनी आधी पट्टीच पाहिली. "हे काय? ठिगळ?"

मी सांगायला सुरुवात केली. माझा आवाज बारीक होत गेला तेव्हा बाई एक पाऊल पुढे आल्या, म्हणून मी पुढे बोलू शकले. सगळं ऐकून सर म्हणाले, "मग तुमच्या हाती राहिलं काय?"

"वाळूवरची मासळी पुन्हा पुन्हा परतली तर ती चांगली वाळत असेल," मी म्हटलं. "पण तेही मला खात्रीने सांगता येत नाही, सर."

"खात्रीने काय सांगता येतं?"

मला शपथेचं आठवलं. "दुपारी तिथे माझी आई असते. आणि ते मी आराखड्यात धरलं नव्हतं."

बाई हसल्या. सर हसले नाहीत, पण त्यांनी पट्टीवरचा मजकूर पुन्हा एकदा वाचला, आणि पुढच्या तक्त्याकडे जाताना म्हणाले, "आईंना सांगा, पुढच्या वेळी मोजून परता."

निकालात फक्त साहित्याच्या मुलीचं नाव पुढच्या फेरीला गेलं. "माझा अर्ज फेटाळला," कायद्याचा मुलगा म्हणाला आणि आम्हा सगळ्यांना कोकम सरबत पाजलं. मला वाईट वाटलं, पण वाटायला हवं होतं तेवढं नाही. मॅडम ग्लास हातात घेऊनच माझ्याकडे आल्या. "पुढच्या वर्षी दोन संच लाव. एक आईच्या हातचा, एक कुणी हात न लावलेला. चौकटीची जाळी बारीक घे, आणि दुपारची नोंद पाहिजे."

मी बरं म्हटलं. पावस गेल्यावर एसटीत माझ्या लक्षात आलं की पुढच्या वर्षीचा प्रकल्प मला मिळाला होता.

आता ते पुढचं वर्ष चालू आहे. खळ्यात दोन संच लावलेत, मध्ये दोरी. मॅडमनी माझ्या काही दुपारच्या तासांची सोय केली, म्हणून मला त्या वेळी नोंदवही घेऊन घरी थांबता येतं. पहिल्याच दिवशी शेजारची काकू आपली सुकट उचलायला आली आणि सवयीने दोरीपलीकडे वाकली.

"हात लावू नको गो तिला," आई ओट्यावरून म्हणाली. "ती कॉलेजची हाय."

"एका अंगानं करपतेय की."

"करपू दे. तिला करपायलाच ठेवलीय." एवढं शिकवून हे काय निघालं, अशा नजरेने काकूने माझ्याकडे बघितलं.

काकू गेल्यावर आई हात पदरात गुंडाळून बसून राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "परतू?"

"नाही, आई."

"एकच बाजू."

"नाही."

"बघवत नाय गो," ती म्हणाली, आणि उठून दोरीच्या अलीकडे आली. "ही तरी माझी ना?"

"ही तुझी."

ती खाली बसली, वाळूवरच्या मांदेलीवरून दोन्ही हात फिरवत सगळी पालथी केली, आणि मान वर न करता म्हणाली, "हं. लिही."