सुनेच्या दारात हलगी

कोंडीबाच्या हलगीबिगर ह्या भागात गुलाल उधळलाय, आसं कवा झालंच न्हाई. सरपंच निवडून येऊ द्या न्हाईतर सोसायटीचा चेअरमन, म्होरं कोंडीबा पायजेच. डीजेवाल्यांनी लय उड्या मारल्या, पर म्हाताऱ्यानं काडी टेकवली की पोरं त्यांच्याकडं पाठ करून हिकडंच पळत यायची.

जिल्हा परिषदेची निवडणूक लागणार म्हणून दसऱ्याच्या आधीच नाथाजी आबा त्याच्या दारात आला. नाथाजी म्हंजे गटातला बडा माणूस. सोताच उभा ऱ्हाणार होता. सुपारी आन् नारळ कोंडीबाच्या हातावर ठिवून म्हणला, "निकालाच्या दिवशी माझ्या पार्टीच्या म्होरं तूच. दुसऱ्या कुणाला शबूद द्यायचा न्हाई."

कोंडीबानं सुपारी कपाळाला लावली आन् देवाम्होरं ठिवली. एकदा देवाम्होरं गेलेली सुपारी त्याच्या बापानं कवा मोडली न्हवती, त्यानं बी न्हाई.

आन् मग साताऱ्यात आरक्षणाची सोडत निघाली. जागा कोंडीबाच्या समाजाच्या बाईला राखीव पडली. नाथाजीचं तोंड उतरलं, पर दोनच दिस. त्यानं आपल्या गोठ्यात शेण काढणारी, त्याच समाजाची रंगुबाई उभी केली. सही तिची, खुर्ची ह्याची. समदं गाव समजून चुकलं.

दुसऱ्या बाजूनं कोण? तर कोंडीबाची सून, पूजा. वस्तीवर पाण्याचा नळ यावा म्हणून हीच बाई पंचायतीच्या दारात रिकामी घागर घिऊन बसली हुती. नळ आला तवाच उठली. लोकच म्हणाली, पूजाला उभी करा.

कोंडीबा सुपारी घिऊन नाथाजीकडं पळाला. "आबा, ही परत घ्या. घरातलीच पोर उभी हाय."

नाथाजीनं हात पाठीमागं घेतलं. "देवाम्होरं तू ठिवलीस, गड्या. मी का घिऊ? सून जिंकली तर मी घरात गप बसंन, मग तू तिच्या म्होरं वाजव. हरली तर माझ्या म्होरं. बोल, काय वाईट हाय?"

कोंडीबा सुपारी घिऊन माघारी फिरला. घरी यिऊन पूजाला सांगितलं, तर ती हसाय लागली. "मंग निवडूनच यायला पायजे की, मामा. न्हाईतर तुमी माझ्याच दारात माझं वाभाडं काढायचं."

मतमोजणी तालुक्याला, खंडाळ्यात. कोंडीबा रस्त्याच्या पल्याड झाडाखाली हलगी मांडीवर घिऊन बसला. भोंग्यावर एकेका फेरीचं आकडं यायचं. पूजा म्होरं. परत म्होरं. वस्तीवरच्या बाया नाचाय लागल्या. पूजाचा नवरा शिवतेज शिरवळच्या कंपनीतनं रजा टाकून आलेला, त्यानं गुलालाचं पोतं सोडलं बी.

"आण्णा, उठा की! तापवा हलगी!" त्यो बापाला म्हणला.

"थांब रं, भोंगा बंद हुईस्तवर."

शेवटची फेरी नाथाजीच्या वाडीची. भोंगा खरखरला आन् रंगुबाईचं नाव निघालं. फरक एकोणीस मतांचा. शिवतेज परत मोजा म्हणून बोंबलला. परत मोजली. एकोणीसच.

पूजा बाहिर आली आन् टमटममधी बसून घरी गेली. शिवतेजनं हलगीला हात घातला. "फोडून टाकतो हिला! मंग कशी वाजवता बघतो!"

कोंडीबानं हलगी पोटाशी धरली. "फोड. उद्या दुसरी घ्यावी लागंल. शबूद दुसरा कुठनं आणू?"

नाथाजीचा माणूस बोलवाय आला. म्हातारा उठला आन् गेला.

मिरवणूक गावात शिरली. जीपमधी रंगुबाई, गळ्यात हार, मान खाली. बॉनेटवर हात जोडून नाथाजी, जणू मतं त्यालाच पडल्याली. वस्तीपाशी आल्यावर त्यानं मुद्दाम हात वर केला. "थांबा! हितं जरा जोरात हुं दे!"

कोंडीबाच्या दारातच. त्यानं काडी मारली, पर हलगी बदबद वाजली. सांजच्या गारठ्यानं कातडं सैल पडलेलं. हलगी तापवल्याबिगर बोलत न्हाई.

"काय रं, सून हारली म्हणून हलगीला बी रडू आलं व्हय?" नाथाजी म्हणला. समदी हसली. रंगुबाई न्हाई हसली.

तवर पूजा घरातनं बाहिर आली. काखंत उसाचं वाळलं पाचट. दारात टाकलं, काडी लावली, जाळ झाला.

"द्या हिकडं, मामा."

"पोरी, नगं..."

"द्या म्हणते न्हवं." तिनं हलगी हातातनं घेतली, जाळावर फिरवून फिरवून तापवली, टिचकी मारून बघितली. टणकन वाजली. तशीच त्याच्या हातात दिली. "आता वाजवा. हारली ती मी. तुमची हलगी हारली आसं कुणी म्हणाया नगं."

नाथाजीचं हसू जाग्यावरच राहिलं. पर त्यानं गुलालाची मूठ कोंडीबाच्या डोक्यावर मारली आन् "चला" म्हणला. त्याचं काय जाणार हुतं?

कोंडीबानं वाजवली. कशी वाजवली, त्ये त्यालाच ठावं. हलगीवाला मिरवणुकीच्या म्होरं असतो, पर तोंड मिरवणुकीकडं करून उलटा चालतो. म्हणून जीप वस्ती सोडून निघाली तरी त्याला आपलं दार दिसतच राहिलं. विझल्यालं पाचट दिसलं. खराटा घिऊन राख लोटणारी पूजा दिसली. नजर फिरवायची सोय न्हवती. नाथाजीच्या वाड्यापातूर त्याला तसंच चालायचं हुतं.