डिंगोऱ्याचे गोचीड मोठे

लहानपणी ज्योत्स्नाचा रविवार ठरलेला. गोठ्यात बसायचं, गाईच्या अंगावरचे गोचीड उपटायचे आणि रॉकेलच्या डब्यात टाकायचे. पुढं पोरगी शिकली, पीएचडी झाली, पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ म्हणून लागली. आणि तिथं करते काय? तर चिमट्यानं गोचीड उपटते आणि बाटलीत टाकते! तिची आई द्रौपदाबाई कपाळावर हात मारून म्हणायची, "आगं, हेच करायचं व्हतं तर बोरीत काय वाईट व्हतं? रॉकेल तर घरचं व्हतं!"

यंदा मात्र गावी, बोरी बुद्रुकमध्ये, हसण्यावारी नेण्यासारखं काही राहिलं नव्हतं. गाईंना ताप येत होता, लघवी लाल होत होती, दोन चांगल्या दुभत्या गाई दगावल्या होत्या. गोचीड नुसता रक्त पिऊन गप बसत नाही, कधीकधी आजारही मागं ठेवून जातो. पण कुठल्या गोठ्यातला गोचीड कुठला आजार देतोय, हे कळल्याशिवाय उपाय तरी कशावर करायचा? ज्योत्स्नाला बोरीचे गोचीड हवे होते आणि लवकर हवे होते, कारण आईची सोनी गाभण होती. त्या गाईवर म्हातारीचा जीव होता.

पण ज्योत्स्ना येणार ही बातमी तिच्या एसटीच्या आधी गावात पोचली. झालं! अख्ख्या गावानं गाई धुऊन काढल्या. शास्त्रज्ञ मॅडम तपासायला येणार म्हटल्यावर घाणेरडी गाय कोण दाखवील हो? साबण लावले, औषध फवारलं, एकदोघांनी तर शिंगंही रंगवली. ज्योत्स्ना गोठ्यागोठ्यातून फिरली आणि तिला मिळाला काय, तर चहा.

"आमच्यात गोचीड न्हाईत ताई," शेजारची रुपाली म्हणाली. "चिमाजीभाऊकडं बघा. लई घाण असती तिथं."

चिमाजी म्हणाला, "माज्या गाईला गोचीड? काय बोलती पोरी! रुपालीकडं जाऊन आलीस का?"

घरी आई सगळ्यांवर वरताण. "माज्या सोनीला एकबी न्हाई. मी रोज हात फिरवती तिच्या अंगावरनं."

समजावून झालं, हात जोडून झालं. ज्योत्स्नाचा पारा चढला आणि मग तिला खोडी सुचली. संध्याकाळी गाव डेअरीवर दूध घालायला जमलं, तेव्हा ती कानाला फोन लावून मुद्दाम मोठ्यानं बोलली, "हो हो, शेजारच्या डिंगोऱ्यात झकास काम झालं. काय एकेक गोचीड, चिंचोक्याएवढे! बोरीचे? छे, इथले मरतुकडे. धड चावत तरी असतील का, देव जाणे." फोन बंदच होता, हे सांगायला नको.

डेअरीवर सगळ्यांनी कान टवकारले. डिंगोरेवाले पुढं? आणि आपण मागं?

सकाळी चूळ भरून होते न होते तोच द्रौपदाबाईच्या दारात रांग. फवाऱ्यातून वाचलेले, कासेजवळ आणि शेपटीखाली दडलेले गोचीड कुणी काडेपेटीत आणलेले, कुणी लोणच्याच्या बरणीत. ज्योत्स्ना गालातल्या गालात हसत बाटल्यांवर नावं घालत होती. "डिंगोऱ्याला फोटू धाडा ह्यांचा!" रुपाली म्हणाली. चिमाजीचे सगळ्यात टपोरे. ज्योत्स्नानं भिंग लावलं.

"चिमाजीकाका, हे कुत्र्याचे आहेत."

"छ्या! कशावरनं?"

"कान लावा. भुंकतायत."

रांग हसून हसून बेजार झाली. चिमाजी निमूट घरी गेला आणि गाईचे घेऊन आला.

बाटली रिकामी राहिली ती एकट्या द्रौपदाबाईची. "न्हाईत तर काय इकत आणू?" असं म्हणून तिनं विषय मिटवला.

आणि दुसऱ्याच दिवशी सोनीनं वैरणीला तोंड लावलं नाही. अंग तापलेलं. ज्योत्स्ना गोठ्यात धावली. तिनं सोनीचा कान उलटून पाहिला. आत, घडीघडीत गोचीड दाटीनं बसलेले.

द्रौपदाबाईनं त्या कानावरनं बोटं फिरवली. "मला दिसत न्हाई गं आता," ती रडत म्हणाली. "नुसतं चाचपून काढती. तुला कळलं आसतं तर गाय इकायला लावली आसती."

ज्योत्स्नाला रागही आला आणि आईबद्दल मायाही वाटली. तिनं लगेच फोन काढला. जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं, रक्त तपासलं, इंजेक्शनं झाली, कानातले गोचीड बाटलीत गेले. मायलेकी गोठ्यातून हलल्या नाहीत. सोनी वाचली, पोटातलं वासरूही वाचलं.

पुढं पुण्याहून तपासणीचा अहवाल आला. आजार सोनीच्या गोचिडांत सापडला होता. ज्योत्स्ना आईला म्हणाली, "गावात नाव नाही सांगत. एका गोठ्यात सापडला म्हणते."

"तू गप," द्रौपदाबाई म्हणाली आणि काठी टेकत डेअरीवर गेली.

"ऐका रं! रोगाचा गोचीड माज्या सोनीच्या कानात निघाला. मला दिसला न्हाई, माजं डोळं गेल्यात. तुमचं तर शाबूत हायती न्हवं? मंग बघा की आपापल्या गाईचं कान! आन् डिंगोऱ्याला सांगा, पयला नंबर बोरीचा!"

"मोठे तर माजेच व्हते," चिमाजी पुटपुटला. पण दुधाचा कॅन तिथंच टाकून गाईचे कान बघायला घराकडं पळाला.